शरीर-तापमान नियमन

शरीर-तापमान नियमन : भोवतालची हवा तापो की गारठो, शरीराच्या आतले तापमान पेशींना मानवेल अशा मर्यादेत राखण्याची सजीवांची प्रक्रिया. शरीरातल्या बहुतेक रासायनिक क्रिया एन्झाइमांच्या, म्हणजे त्या क्रियांचा वेग वाढवणाऱ्या प्रथिनांच्या, मदतीने होतात आणि एन्झाइमे तापमानाच्या बाबतीत फार हळवी असतात. माणसाच्या आतले तापमान ३७° से.च्या आसपास असते. पहाटे किंचित उतरते, संध्याकाळी किंचित चढते. ते ३५° से.खाली गेले की शरीर गारठून मंदावते, ४०° से.च्या वर गेले की मेंदूचे काम बिघडू लागते. सुखरूप जगण्याची पट्टी एवढी अरुंद, आणि बडोद्यात मे महिन्याच्या दुपारी पारा ४० च्या वर, तर जानेवारीच्या पहाटे कधीकधी १० च्या जवळ.

ही पट्टी सांभाळण्याच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत आणि बडोद्यात त्या एकाच पुलावर पाहता येतात. विश्वामित्री नदी शहराच्या मधून, सयाजीबागेला लागून वाहते आणि तिच्यात शेकडो मगरी राहतात. संक्रांतीच्या सुमारास काळा घोडा या चौकाजवळच्या पुलावर स्वेटर घातलेली माणसे कठड्याला टेकून उभी असतात आणि खाली चिखलाच्या उतारावर मगर ऊन खात पडलेली असते. पुलावरचा माणूस खाल्लेले अन्न जाळून उष्णता तयार करतो, तो नियततापी. मगर उष्णता बाहेरून घेते; ती अनियततापी.

अनियततापी प्राण्यांना ‘थंड रक्ताचे’ म्हणण्याची सवय मोडायला हवी. तासभर उन्हात पडलेल्या मगरीचे रक्त कोमट असते. तिची हालचाल दिसत नाही, पण आत बरेच काही चाललेले असते. पाठीवरच्या हाडांच्या खवल्यांतून ऊब आत येते, तशी हृदयाची गती वाढते आणि ती ऊब अंगभर पोचते. पाण्यात शिरल्यावर गती उतरते, म्हणून मिळवलेली ऊब हळूहळूच सुटते. ऊन जास्त झाले की मगर जबडा उघडून बसते. तोंडाच्या ओल्या अस्तरावरून बाष्पीभवन होऊन डोके गार राहते. कडक उन्हाळ्यात आणि कडाक्याच्या थंडीत ती काठात खणलेल्या बिळाचा आसरा घेते. या काटकसरीमुळे तिला सारख्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या ढोबळमानाने दहावा हिस्सा अन्न पुरते. तिची अंडीही तापमानाच्या हवाली असतात. उन्हाळ्यात काठावरच्या खड्ड्यात पुरलेल्या अंड्यांतून नर निघणार की मादी, हे त्या मातीची ऊब ठरवते : सुमारे ३१° से.पर्यंत माद्या, ३२.५° से.च्या आसपास मुख्यतः नर. नदीकाठ काँक्रीटने बांधून काढताना मगरीचा केवळ निवारा जात नाही, तिचे ऊबवणी यंत्रच जाते.

माणसात हे काम मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस पाहतो. त्वचेकडून आणि रक्ताकडून त्याला सतत खबर मिळते. थंडी वाजली की त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि हुडहुडी भरते. हुडहुडी म्हणजे स्नायूंनी केवळ उष्णतेसाठी केलेले काम. तान्ह्या बाळाला हुडहुडी भरत नाही. त्याच्या मानेभोवती व खांद्यांमध्ये तपकिरी चरबी असते, ती जळून ऊब देते. शिवाय बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे, त्यामुळे तिथून उष्णता पुष्कळ जाते. टोपडे घालण्याचा आजीचा आग्रह अगदी रास्त आहे.

उन्हाळ्यात उलटे घडते. त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहरा लाल होतो, आतली उष्णता पृष्ठभागावर येते. पण भोवतालची हवाच त्वचेहून गरम झाली की नुसते रक्त वर आणून भागत नाही. मग उपाय एकच, घाम. ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ ज्या नियमाने गार होतो, त्याच नियमाने आपणही. पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते : एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण उडाला तर सुमारे ५८० किलोकॅलरी. कपाळावरून टपकलेला किंवा रुमालाने टिपलेला घाम मात्र या कामी येत नाही.

ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी १७७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसले. सुमारे १२७° से. तापवलेल्या कोरड्या खोलीत ते आठ मिनिटे सुखरूप राहिले. तिथे ठेवलेली अंडी वीसेक मिनिटांत भाजून कडक झाली. भांड्यातले उघडे पाणी तिथे उकळत नव्हते, पण पृष्ठभागावर तेलाचा थर येऊन बाष्पीभवन थांबताच उकळू लागले.

बडोद्याच्या उन्हाळ्यातली खरी कसोटी इथेच आहे. मे महिन्यातली ४३ अंशांची कोरडी झळ भीती घालते, पण पावसाच्या तोंडावर जूनमध्ये ३७-३८ अंशांना हवा दमट होते आणि अंगावरचा घाम उडतच नाही. माठही त्या दिवसांत नीट गार होत नाही. तीच धोक्याची खूण समजावी. दमट हवेत पंख्याचा वारा आणि वारंवार अंग ओले करणे याला पर्याय नाही. घामाबरोबर मीठही जाते, म्हणून कैरीच्या पन्ह्यात मीठ घालतात. साखर वा गूळ आणि मीठ एकत्र असले की आतडे पाणी लवकर शोषते. शरीर उन्हाला सरावतेही, पण त्याला एक-दोन आठवडे लागतात : घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातले मीठ कमी होते. बांधकामावर नव्याने आलेल्या मजुराला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी उन्हात लावणे हा त्याच्या जिवाशी खेळ आहे.

इतर बहुतेक प्राण्यांना घामाची एवढी सोय नाही. कुत्रा धापा टाकून जीभ व श्वासमार्ग गार करतो. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथीच नसतात. दुपारी चोच वासून बसलेला कावळा उष्णता बाहेर टाकत असतो. काळ्या कातडीच्या म्हशीला गाईपेक्षा घामाच्या ग्रंथी फार कमी, म्हणून तिला डुंबायला पाणी लागते. मधमाश्या पोळ्यात पाणी आणून शिंपडतात, पंखांनी वारा घालतात आणि पिल्लांचा भाग ३५° से.च्या जवळ राखतात.

ताप आणि उष्माघात या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. तापात हायपोथॅलॅमस स्वतःच वरची पातळी ठरवतो. तिथवर पोचेपर्यंत शरीराला गार वाटते, म्हणूनच थंडी वाजून ताप येतो. पॅरासिटामॉल ती पातळी खाली आणते. उष्माघातात पातळी तीच असते, यंत्रणा हरलेली असते, त्यामुळे तिथे या गोळीचा उपयोग नाही. उन्हात माणूस बरळू लागला, तोल गेला किंवा शुद्ध हरपली, तर घाम असो वा नसो, उष्माघात समजावा. त्याला सावलीत आणून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतत वारा घालावा, मान, काखा व जांघांत बर्फ ठेवावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. १०८ ला फोन लावावा आणि गाडी येईपर्यंत वारा थांबवू नये.