पाठीच्या स्नायूंतला कंपार्टमेंट सिंड्रोम : निदान हुकण्यामागचा इतिहास

स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा तुटतो, यालाच कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात; वैद्यकाला तो हातापायांतून कळला. जर्मन शल्यचिकित्सक रिचर्ड फोन फोल्कमन यांनी १८८१ साली घट्ट बँडेजनंतर वाकडे, ताठर होणारे हात पाहून सांगितलं, की दोष स्नायूला रक्त न मिळण्याचा आहे. १९४१ मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांनंतर बायवॉटर्स आणि बील यांनी ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या रुग्णांची मूत्रपिंडं निकामी होतात हे नोंदवलं. १९७५ च्या सुमारास सुईने कप्प्यातला दाब मोजता येऊ लागला. तरीही लक्ष पोटरी आणि कोपराखालच्या हातावरच राहिलं. कमरेच्या स्नायूंत हेच घडतं, असं रुग्णाच्या नोंदीसह शरीररचनेचा अभ्यास करून 'स्पाइन' या नियतकालिकात मांडलं गेलं ते १९८५ साली.

पाठ मागे पडली, कारण हातापायांची लक्षणं इथे लागू पडत नाहीत. मणक्यालगतचे उभे स्नायू हाडं आणि जाड फॅशियाच्या, म्हणजे स्नायूंवरच्या चिवट आवरणाच्या, थरांत कोंडलेले असतात. जड डेडलिफ्टनंतर, म्हणजे जमिनीवरचं वजन कमरेच्या जोरावर उचलल्यावर, ते सुजतात, आतला दाब वाढतो, आधी शिरा दबतात, मग सूज आणखी वाढते. पण पायांकडे जाणाऱ्या नसा (मज्जातंतू) या कप्प्यातून जात नाहीत, म्हणून पायांची ताकद शाबूत राहते. तपासायला नाडीही नाही. नसांच्या मागच्या बारीक शाखा मात्र याच स्नायूंतून त्वचेकडे जातात, त्यामुळे कमरेवर बधिर पट्टा सापडू शकतो. ही खूण फार मोलाची, आणि ती शोधायला पाठीवर हात फिरवावा लागतो.

व्यायामानंतर काही तासांत दुखणं चढत जातं, झोपूनही उतरत नाही, स्नायू लाकडासारखा कडक लागतो. एक्स-रे नॉर्मल येतो. एमआरआय मणक्यांमधल्या चकतीसाठी काढला जातो आणि सुजलेल्या स्नायूंकडे दुर्लक्ष होतं. सीपीके, म्हणजे इजा झालेल्या स्नायूतून रक्तात उतरणारं एन्झाइम, एरवी साधारण २०० युनिटच्या आत असतं, इथे ते हजारोंच्या घरात जातं. लघवी काळपट होते. लघवी तपासायच्या पट्टीवर रक्त दिसतं, सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी मात्र सापडत नाहीत, कारण तो रंग स्नायूतून सुटलेल्या मायोग्लोबिन या प्रथिनाचा असतो; मूत्रपिंडावर ताण येतो तोही त्यामुळेच.

दाबाची मर्यादा पायाकडून उसनी घेतलेली आहे: डायस्टोलिक रक्तदाब आणि कप्प्यातला दाब यांतला फरक ३० मिमी पाऱ्याहून कमी झाला, तर धोका. हा निकष १९९६ मध्ये नडगीच्या फ्रॅक्चरच्या रुग्णांवरून ठरला. शस्त्रक्रियेत फॅशिया उभा चिरून दाब मोकळा करतात, जखम काही दिवस उघडी ठेवतात. सहा-आठ तासांनंतर स्नायू मरू लागतो आणि उशिरा उघडलेल्या मृत स्नायूत जंतुसंसर्गाची भीती असते. म्हणून उशिरा आलेल्या काही रुग्णांना केवळ सलाईन आणि देखरेखीवर ठेवतात. मरणाऱ्या स्नायूतून सुटलेलं पोटॅशियम हृदयाची लय बिघडवू शकतं, म्हणून पोटॅशियम आणि ईसीजी पाहणं तेव्हाही टळत नाही.

आपल्याकडे कंबर धरली की आधी मालिश होते, मग डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन. या आजारात मालिश सुजलेल्या स्नायूला आणखी इजा करू शकते, आणि डायक्लोफेनॅक आधीच ताणाखाली असलेल्या मूत्रपिंडावर घाव घालतं. म्हणून वजन उचलल्यानंतरची असह्य कंबरदुखी आली, की सीपीके आणि लघवीची तपासणी आधी, इंजेक्शन नंतर.