जुन्या व्हिंटेज पोर्टची चव

व्हिंटेज पोर्ट ही उत्तर पोर्तुगालमधल्या दोरु नदीच्या खोऱ्यातली गोड लाल वाइन, एकाच वर्षाच्या द्राक्षांची आणि बाटलीत मुरणारी. गोव्यात पोर्ट वाइन म्हणून जी मिळते तिचा हिच्याशी संबंध नावापुरताच. खऱ्या पोर्टच्या प्रदेशाच्या हद्दी १७५६ मध्ये पोर्तुगालचा मुख्य मंत्री मार्किश द पोंबालच्या कारकिर्दीत आखल्या गेल्या.

रस आंबत असतानाच त्यात साधारण ७७ टक्के अल्कोहोल असलेलं द्राक्षाचं स्पिरिट ओततात, त्याने यीस्ट मरतं, साखर शिल्लक राहते आणि वाइन २० टक्क्यांच्या आसपास जाते. ही साखर, हे अल्कोहोल आणि सालीतलं टॅनिन (तुरटपणा देणारं द्रव्य), या तिघांच्या जोरावर ती पन्नास काय, शंभर वर्षंही टिकू शकते. टॉनी पोर्ट वर्षानुवर्षं लाकडी पिंपात राहते, व्हिंटेज मात्र दोनेक वर्षांत न गाळताच बाटलीत भरतात, म्हणून तिच्यात जाड गाळ बसतो. शिवाय ती दरवर्षी निघत नाही, पीक खरंच उत्तम आलं तरच कंपन्या व्हिंटेज जाहीर करतात. १९२७, १९४५, १९६३ ही त्यातली गाजलेली वर्षं. १९३१ चं पीकही उत्तम होतं पण मंदी होती आणि १९२७ चा माल अजून पडून होता, त्यामुळे बहुतेकांनी ते वर्ष सोडलं, किंटा दो नोव्हाल या कंपनीने मात्र जाहीर केलं आणि त्यांची ती नसियोनाल (कलम न केलेल्या वेलींच्या द्राक्षांची खास पोर्ट) आज दंतकथा झालीय.

चव घ्यायची तर खरी मेहनत ग्लासच्या आधीच. बाटली निदान एक-दोन दिवस उभी ठेवायची म्हणजे गाळ तळाला जातो. जुनं बूच स्क्रू लावला की भुगा होतं, त्यावर उपाय म्हणजे पोर्टचा चिमटा: तो आगीवर लालबुंद तापवून बाटलीच्या मानेला बुचाच्या खाली मिनिटभर घट्ट धरायचा, काढला की लगेच त्याच जागी गार ओलं फडकं लावायचं, काच टचकन सरळ तुटते आणि बुचासकट मान हातात येते. मग मानेमागे मेणबत्ती किंवा टॉर्च धरून एका दमात, हात न हलवता डिकँटरमध्ये (वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईत) ओतायचं, आणि मानेत गाळाची काळी रेघ दिसली की थांबायचं, शेवटच्या दोन घोटांचा मोह करायचा नाही. जुन्या बाटल्यांवर बरेचदा लेबल उरलेलंच नसतं, अशा वेळी बुचावर छापलेलं वर्ष हाच पुरावा, म्हणून ते बूच फेकू नये.

तरुणपणी जवळजवळ काळी-जांभळी असलेली वाइन आता विटकरी, कडेला पिवळसर दिसते. ताज्या फळांचा वास जाऊन सुकं अंजीर, संत्र्याची साल, चहाची पत्ती, जुनं लाकूड असं काहीतरी येतं. टॅनिन रेशमासारखं मऊ झालेलं असतं. फळ पार संपलं असेल तर मात्र स्पिरिट वर येतं आणि घशाशी जळजळतं, अशी बाटली नुसती वयाने मोठी. पूर्वी बरीच पोर्ट पिंपातून ब्रिटनला जायची आणि तिथले व्यापारी ती बाटल्यांत भरायचे, १९७० च्या दशकात व्हिंटेजसाठी हे बंद झालं. त्यामुळे त्याआधीची एकाच कंपनीची एकाच वर्षाची पोर्टही दोन बाटल्यांत दोन तऱ्हेची लागू शकते, वर्षाच्या नावावर भाळण्यापेक्षा समोरची बाटली कशी सांभाळली गेलीय हे बघावं.

वीसेक वर्षांची पोर्ट डिकँटरमध्ये काही तास ठेवली तर खुलते, पण सत्तर-ऐंशी वर्षांची इतका वेळ हवेत ठेवणं धोक्याचं, तिचा वास भराभर उडू शकतो. लगेच थोडी ओतून, अर्ध्या-अर्ध्या तासाने परत चाखत जावं. सोबत स्टिल्टन चीज खायची इंग्रजी पद्धत प्रसिद्ध आहे, पण ते खारट चीज एवढ्या नाजूक वाइनवर चढून बसतं, नुसते अक्रोड पुरे.