ग्लोबल सर्च (सीआरएम)

सीआरएम म्हणजे कंपनीच्या ग्राहकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधे एकच शब्द टाकून सगळ्या प्रकारच्या नोंदींमधे एकदम शोधायची जी सोय असते तिला ग्लोबल सर्च म्हणतात. ती का लागते ते समजायला आधी हे बघा की ग्राहक डेटाबेसमधे एका जागी बसलेलाच नसतो. सेल्सफोर्समधे (१९९९ मधे सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या कंपनीचं सीआरएम) एखाद्या माणसाने चौकशीचा फॉर्म भरला की तो लीड होतो, पुढे व्यवहाराची शक्यता दिसली की तो कॉन्टॅक्ट होतो, त्याची कंपनी अकाउंटमधे जाते, सौदा ऑपॉर्च्युनिटीमधे आणि त्याची तक्रार केसमधे. फोन उचलणाऱ्या माणसाला यातलं काहीच माहीत नसतं, त्याच्याकडे असतं फक्त समोरच्याने सांगितलेलं नाव किंवा मोबाईल नंबर, आणि तेवढ्यावरून त्याला पाचही ठिकाणी बघायचं असतं. तिथे नीट सापडलं नाही की तो सरळ नवीन लीड तयार करतो, डुप्लिकेट नोंदींचा मोठा ढीग असाच साठतो.

सेल्सफोर्समधे डेव्हलपरला हेच काम कोडमधून करायचं असेल तर एसओएसएल नावाची शोधभाषा आहे. तिची बहीण एसओक्यूएल जास्त प्रसिद्ध आहे, पण दोघींचं काम वेगळं. एसओक्यूएलला आधी सांगावं लागतं की कुठल्या ऑब्जेक्टमधे (लीड, कॉन्टॅक्ट, केस अशा एकेका प्रकारच्या नोंदींच्या तक्त्यात) बघायचं, त्यातून ती तो ऑब्जेक्ट आणि त्याला जोडलेले ऑब्जेक्ट वाचते. एसओएसएलमधे फाइंड म्हणून शब्द द्यायचा, तो सगळ्या फील्डमधे (नोंदीतल्या रकान्यांत) शोधायचा की फक्त नाव, ईमेल किंवा फोनच्या फील्डमधे ते सांगायचं, आणि रिटर्निंगच्या पुढे कुठले कुठले ऑब्जेक्ट हवेत ते लिहायचं. उत्तर म्हणून याद्यांची यादी येते, प्रत्येक ऑब्जेक्टची एक. एका शोधात सगळे मिळून जास्तीत जास्त २००० रेकॉर्ड येतात आणि अपेक्स या सेल्सफोर्सच्या प्रोग्रामिंग भाषेत एका ट्रान्झॅक्शनमधे, म्हणजे कोडच्या एका सलग कामात, असे २० शोध चालतात. लिमिटची एक गोष्ट नवीन माणसाला हमखास चकवते: पूर्ण क्वेरीला २० ची लिमिट लावली आणि १९ अकाउंट, ३५ कॉन्टॅक्ट जुळत असतील तर १० अकाउंट आणि १० कॉन्टॅक्ट येतात, म्हणजे लिमिट ऑब्जेक्टमधे समान वाटली जाते. म्हणून लिमिट प्रत्येक ऑब्जेक्टला वेगळी लावलेली बरी.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, जो वापरणाऱ्यांना फारसा कोणी समजावून सांगत नाही. हा सर्च मूळ रेकॉर्ड वाचतच नाही, तो इंडेक्स वाचतो. रेकॉर्ड सेव्ह झाला की त्यातला मजकूर शब्दाशब्दात तोडला जातो आणि कुठला शब्द कुठल्या रेकॉर्डमधे आहे अशी उलटी नोंद वेगळी ठेवली जाते. वेग यामुळेच मिळतो, पण ही नोंद मागे बॅकग्राउंडला होत असते त्यामुळे आत्ता सेव्ह केलेला रेकॉर्ड सर्चमधे यायला १५ मिनिटं किंवा जास्तही लागू शकतात, हजारो रेकॉर्ड एकदम इम्पोर्ट केले असतील तर आणखी वेळ. शिवाय कुठला रेकॉर्ड कोणाला दिसायचा हे ठरवणाऱ्या शेअरिंगच्या नियमांमुळे जो रेकॉर्ड तुम्हाला दिसायचाच नाही तो तुमच्या सर्चमधेही येत नाही. म्हणजे सर्च रिकामा आला याचा अर्थ ग्राहक नाही असा धरता येत नाही, आणि माझ्या मते ट्रेनिंगमधे ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगायला हवी. अपेक्सच्या टेस्टमधे तर एसओएसएल मुद्दामच काही देत नाही, कुठले रेकॉर्ड सापडले असं धरायचं ते टेस्टमधे आपणच ठरवून द्यावं लागतं.

मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्स ३६५ या सीआरएममधे अशा शोधाच्या दोन पद्धती आहेत. जुना क्विक फाइंड जास्तीत जास्त १० टेबलांत बघतो आणि टेबलाप्रमाणे गट करून दाखवतो, डेटाव्हर्स सर्च सगळ्या टेबलांतले निकाल एकत्र करून जास्त जुळणारे वर आणतो आणि थोडं चुकलेलं स्पेलिंगही सांभाळून घेतो.

मराठी नावांची अडचण मात्र स्वतंत्रपणे बघावी लागते कारण डेटा बहुतेक वेळा रोमन लिपीत भरलेला असतो. चौधरी हे आडनाव कोणी ए-यू घालून लिहितं, कोणी ओ-यू, शेवटी कोणाचा आय असतो कोणाचा वाय. सेल्सफोर्समधे स्टार (*) हे वाइल्डकार्ड, म्हणजे कुठल्याही अक्षरांच्या जागी चालणारं चिन्ह, शब्दाच्या मधे आणि शेवटी चालतं, त्यामुळे सुरुवातीचं सीएच आणि मधली डीएचएआर ही अक्षरं ठेवून बाकी ठिकाणी स्टार टाकला की हे सगळे चौधरी मिळतात. पण वाघमारे डब्ल्यूने लिहिलाय की व्हीने हे माहीत नसेल तर पहिलंच अक्षर वेगळं असल्यामुळे स्टारचा उपयोग होत नाही, दोन्ही स्पेलिंग मधे ऑर घालून द्यावी लागतात. उच्चारावरून नावं जुळवणारी साउंडेक्स ही १९१८ मधे अमेरिकेत पेटंट झालेली पद्धतही इथे कामी येत नाही कारण तीही पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवते. त्यापेक्षा मोबाईल नंबर किंवा ईमेलवरून शोधणं केव्हाही भरवशाचं, फक्त नंबर सगळीकडे एकाच पद्धतीने भरलेला हवा, कुठे ९१ लावून, कुठे आधी शून्य लावून असा नको.

देवनागरीत भरलेल्या डेटात आणखी बारीक गोष्ट आहे. कऱ्हाडकर किंवा वऱ्हाडे यातला अर्धा र युनिकोडमधे (कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत) दोन प्रकारे टाइप होतो, एकात ऱ हे वेगळं अक्षर आणि हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि त्यापुढे न दिसणारं झेडडब्ल्यूजे हे जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात पण इंडेक्ससाठी ते वेगळे शब्द असतात, आणि एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे टाइप झालं तर ते एकसारखं करणारं युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही त्यांना एक करत नाही. त्यामुळे सेव्ह करतानाच दुसऱ्या प्रकारचा र पहिल्या प्रकारात बदलून घ्यायचा नियम लावावा लागतो, शोधायला टाकलेल्या शब्दालाही तोच नियम लावायचा, आणि जुने रेकॉर्ड एकदा तसेच बदलून पुन्हा सेव्ह करायचे म्हणजे ते नव्याने इंडेक्स होतात.