पाणी तिथेच असतं, तरी रोल कडक का होतो?

पहिल्या संध्याकाळी माझे सँडविच रोल असे लुसलुशीत होते की सुरी टेकवली तर कापले जाण्याआधी दबत होते. दुसऱ्या दिवशी डब्याचं झाकण उघडलं आणि बोटाने दाबून पाहिलं, तर रोल दबला खरा, पण पुन्हा वर यायला कंटाळा करत होता. खाताना तोंड कोरडं पडत होतं. घरातला निकाल एकमुखी होता : "वाळले."

पण डबा हवाबंद होता, आणि सगळं मोजून ठेवायची खोड असल्यामुळे आदल्या रात्री मी एका रोलचं वजन लिहून ठेवलं होतं. तोच रोल पुन्हा काट्यावर ठेवला. वजन होतं तेवढंच. पाणी उडालं असतं तर काट्याने लगेच चुगली केली असती. मग मऊपणा गेला कुठे?

हा प्रश्न चांगला पावणेदोनशे वर्षांचा आहे. जाँ-बाप्तिस्त बुसँगोल्त या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1852मध्ये दाखवून दिलं की पाण्याचा थेंबही बाहेर जाणार नाही असा पाव बंद करून ठेवला, तरी तो शिळा होतोच. त्याचा दुसरा प्रयोग जास्त गमतीचा आहे. शिळा पाव त्याने पुन्हा भट्टीत ठेवला. बाहेर काढल्यावर पावातलं पाणी आधीपेक्षा कमी झालेलं होतं आणि पाव मात्र ताज्यासारखा मऊ! म्हणजे शिळं होणं आणि वाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाळलेला पाव शिळा लागतो हे खरं, पण शिळा पाव वाळलेलाच असेल असं नाही.

या कोड्याचं उत्तर स्टार्चमध्ये आहे. पण पाव म्हटलं की सगळे ग्लुटेन आणि यीस्टबद्दलच बोलतात, म्हणून त्या दोघांना आधी वाटेला लावू.

मैद्यात साधारण दहा टक्के प्रथिनं असतात. पाणी घालून मळलं की त्यातल्या ग्लुटेनिन आणि ग्लायाडिन या दोन प्रथिनांचं ताणलं जाणारं जाळं बनतं, तेच ग्लुटेन. यीस्ट साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि तो वायू या जाळ्यात कोंडला जातो. इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. यीस्ट नवे बुडबुडे तयार करत नाही. बुडबुडे तयार होतात ते मळताना पिठात शिरलेल्या हवेचे, आणि यीस्टचा वायू फक्त ते फुगवतो. हे 1941मध्येच प्रयोगांनी दाखवलं गेलं. म्हणून नीट न मळलेल्या पिठात कितीही यीस्ट ओतलं तरी बारीक, एकसारखी जाळी पडत नाही. राहता राहिली पाळीच्या दिवसांत बाईचा हात लागला तर पीठ फुगत नाही ही समजूत. ती जगात बऱ्याच ठिकाणी सापडते. यीस्टला तापमान कळतं, साखर कळते, मीठ जास्त झालं तर तेही कळतं. हात कुणाचा आणि महिन्याचा कितवा दिवस, हे कळायची सोय त्या एकपेशीय बुरशीकडे नाही.

आता स्टार्च. मैद्याचा सुमारे 70 टक्के भाग हाच असतो, पण त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. स्टार्च पिठात बारीक कणांच्या रूपात असतो. मोठा कण असला तरी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. कणाच्या आत ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या घड्या घालून ठेवलेल्या असतात. साखळ्या दोन प्रकारच्या. अमायलोज ही बहुतांशी सरळसोट दोरी, स्टार्चमधला साधारण पाव हिस्सा. उरलेला पाऊण हिस्सा अमायलोपेक्टिनचा, म्हणजे फांद्यांना फांद्या फुटलेलं अवाढव्य झाड. या झाडाच्या टोकांकडच्या शेजारी-शेजारी फांद्या दोन-दोनच्या जोडीने एकमेकींना पिळा घालतात आणि असे पिळे रचून स्फटिक बनतात. कच्च्या पिठातला कण त्यामुळे घट्ट, गार आणि आपल्याच तोऱ्यात असतो. थंड पाण्यात तो स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहूनही कमी पाणी पितो.

भट्टीत रोलचा गाभा साधारण 60 अंश सेल्सियसच्या आसपास पोचला की हे पिळे सुटायला लागतात. स्फटिक वितळतात, पाणी साखळ्यांच्या मध्ये घुसतं, कण फुगून लिबलिबीत होतो आणि त्यातून थोडा अमायलोज बाहेर पाझरतो. याला जिलेटिनायझेशन म्हणतात. नावात जिलेटिन असलं तरी प्राणिजन्य जिलेटिनचा इथे काही संबंध नाही. ताज्या रोलचा मऊपणा म्हणजे ही अवस्था : मोकळ्या, लोंबणाऱ्या साखळ्या आणि त्यांच्यामध्ये वंगणासारखं फिरणारं पाणी.

पण स्टार्चला ही मोकळीक मानवत नाही. रोल थंड होऊ लागला की साखळ्या पुन्हा जोडीदार शोधू लागतात. आधी अमायलोज. दोरी सरळ असल्यामुळे तिला वेळ लागत नाही, काही तासांत तिचं जाळं आवळलं जातं. हे वाईट नाही, उलट त्याच्यामुळेच रोल उभा राहतो. गरमागरम रोल कापला की आतून चिकट निघतो आणि सुरीला लागतो, कारण हे जाळं अजून बसलेलं नसतं. थोडा दम धरा, एवढाच त्यावर उपाय.

अमायलोपेक्टिन मात्र सावकाश चालतं. फांद्या फार, अडचण फार. दिवस, दोन दिवस, चार दिवस असे त्याच्या टोकांचे पिळे पुन्हा पडत जातात आणि स्फटिक पुन्हा रचले जातात. याला रेट्रोग्रेडेशन म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या कडक रोलचा मुख्य गुन्हेगार हाच. नेदरलँड्सच्या काट्झ या संशोधकाने 1920च्या दशकात पावावर क्ष-किरण सोडून हे पाहिलं. कच्च्या गव्हाच्या स्टार्चची क्ष-किरणांतली खूण एका तऱ्हेची असते, तिला ए म्हणतात. शिळ्या पावात जी खूण उगवते ती बी. म्हणजे स्टार्च पुन्हा स्फटिकात जातो, पण जुन्या घरी परतत नाही, नव्या नकाशाचं घर बांधतो. या बी रचनेत पिळ्यांच्या मधोमध एक पोकळी असते आणि स्फटिकाच्या दर एककात, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या सगळ्यात छोट्या ठोकळ्यात, पाण्याचे 36 रेणू बसतात. काट्याला फरक न कळण्याचं रहस्य इथे आहे. पाणी रोलमध्येच असतं, पण काल जे वंगण होतं त्यातलं काही आज बांधकामात चिणलं गेलेलं असतं. वजनाला ते हजर, जिभेला गैरहजर.

आता थोडं अवघड, पण मला सगळ्यात आवडणारं. स्फटिक वाढायला दोन कामं व्हावी लागतात : आधी बीज पडावं लागतं, मग ते वाढावं लागतं. बीज पडायला थंडी बरी, कारण साखळ्या शांत असल्या तर एकत्र आलेली जोडी टिकते. बीज वाढायला ऊब बरी, कारण नव्या फांद्यांना हलून जागेवर यावं लागतं. साधारण 60 अंशांच्या वर बीज टिकतच नाही, वितळतं. शून्याच्या बऱ्याच खाली गेलं की साखळ्या जणू काचेत अडकतात आणि हलूच शकत नाहीत. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी दोन्ही कामं बऱ्यापैकी जमतात. पावासारख्या ओलसर पदार्थात ती जागा गोठणबिंदूच्या जरा वर, चार अंशांच्या आसपास येते. चार अंश म्हणजे फ्रिजचं तापमान! रोल ताजा राहावा म्हणून आपण नेमक्या त्याच कपाटात ठेवतो, जिथे तो सगळ्यात वेगाने शिळा होतो. फ्रिज बुरशीला रोखतो, शिळेपणाला मात्र हातभार लावतो.

इतकं कळलं की मऊ रोलच्या कृतीतली एकेक वस्तू कशासाठी आहे ते दिसू लागतं. साखर पाणी धरून ठेवते आणि स्टार्चला उशिरा शिजू देते, त्यामुळे रोलला फुगायला जास्त वेळ मिळतो. लोणी ग्लुटेनच्या पडद्यांना वंगण देतं. लोणी स्टार्चच्या साखळीत शिरतं असं कुठेकुठे लिहिलेलं असतं, ते बरोबर नाही. अमायलोजची दोरी एकटीही स्प्रिंगसारखा पिळा घेऊ शकते, पण लोण्यातल्या चरबीचा रेणू तीन शेपट्यांचा असतो, त्या पिळ्यात तो मावत नाही. चरबीचाच भाऊबंद, पण एकच शेपटी असलेला मोनोग्लिसराइड मात्र बरोबर आत सरकतो, आणि मग त्या दोरीला दुसरीशी जोडी जमवायची सोय राहत नाही. कारखान्यातल्या पावात तो म्हणूनच घालतात.

कारखान्याचा विषय निघालाच आहे, तर "विकतचा पाव आठ-दहा दिवस मऊ राहतो, म्हणजे नक्की काहीतरी विषारी प्रिझर्वेटिव्ह" या मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशाबद्दल. प्रिझर्वेटिव्ह असतं, बहुधा कॅल्शियम प्रोपिओनेट, पण त्याचं काम बुरशी थोपवणं. मऊपणाशी त्याचं देणंघेणं नाही. मऊपणा राखतं ते बऱ्याचदा एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन : माल्टोजेनिक अमायलेज. अमायलोपेक्टिनच्या झाडाची बाहेरची टोकं ते माळ्यासारखं छाटतं. टोकंच आखूड झाली की पिळा पडत नाही, स्फटिक बनत नाही. आपल्या लाळेतही स्टार्च तोडणारं अमायलेज असतंच. कारखान्याच्या पावाबद्दल तक्रारी करायला जागा आहे, मीठ आणि साखरेपासून सुरुवात करा. पण मऊपणा हा काही विषाचा पुरावा नव्हे.

घरी आपल्याकडे ते एन्झाइम नसतं, पण खळ असते. कागद चिकटवायला पीठ शिजवून करतात तशीच. 25 ग्रॅम मैदा 125 ग्रॅम पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत राहायचं. 65 अंशांच्या सुमारास ते एकदम दाटतं आणि चमच्याच्या मागे रेघ उमटायला लागते. झालं, उतरवा. पूर्व आशियातल्या मऊ पावांचं हे तंत्र तांगझोंग या नावाने ओळखलं जातं. भट्टीत जे जिलेटिनायझेशन होणार, त्यातलं थोडंसं आपण आधीच उरकून घेतलेलं असतं. शिजलेला स्टार्च कच्च्याच्या कित्येक पट पाणी धरतो. त्यामुळे पिठात एकूण पाणी जास्त घालता येतं आणि तरीही ते मळण्याजोगं राहतं. एक गैरसमज मात्र नको : खळीतला स्टार्चही पुढे शिळा होतोच, त्याला काही अमरपट्टा मिळालेला नसतो. फायदा आहे तो तिच्यासोबत आत आलेल्या जास्तीच्या पाण्याचा.

खळ कोमट झाली की तिच्यात 475 ग्रॅम मैदा, 190 ग्रॅम कोमट दूध, एक अंडं, 50 ग्रॅम साखर, 6 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि 9 ग्रॅम मीठ घालून मळा. गोळा जमला की 50 ग्रॅम मऊ लोणी थोडं थोडं करून मुरवा. पीठ हाताला चिकटेल. वरून सुका मैदा भुरभुरण्याचा मोह होतो, आणि बहुतेक रोल इथेच कडक होतात. मळत राहा, दहा-पंधरा मिनिटांत चिकटपणा आपोआप कमी होतो. चिमूटभर पीठ ताणलं आणि न फाटता पलीकडचा उजेड दिसणारा पातळ पडदा झाला, की ग्लुटेन तयार. दुप्पट फुगू द्या, सुमारे 80 ग्रॅमचे बारा रोल वळा, ट्रेमध्ये एकमेकांना लागतील इतके जवळ ठेवा आणि पुन्हा फुगवा. शेजारी चिकटले की बाजूंना सालच धरत नाही, वाफ आतच राहते.

180 अंशांवर साधारण वीस मिनिटं. घड्याळापेक्षा थर्मामीटर बरा : गाभा 90 अंशांना पोचला की बाहेर काढा. भट्टी कितीही तापलेली असली तरी ओला गाभा 100च्या वर जात नाही, त्यामुळे जास्त वेळ ठेवून तो "जास्त शिजत" नाही, फक्त पाणी गमावतो. बाहेर आल्या आल्या वर लोणी फिरवून स्वच्छ फडक्याने झाका. भाजताना कोरडी, काचेसारखी झालेली वरची साल आतून येणाऱ्या वाफेने पुन्हा नरम पडते.

उरलेल्या रोलांचं काय? दुसऱ्या दिवशी संपणार असतील तर फडताळातल्या बंद डब्यात. त्याहून जास्त ठेवायचे असतील तर पूर्ण गार झाल्यावर त्याच दिवशी फ्रीझरमध्ये, उणे 18 अंशांवर. तिथे साखळ्या जवळजवळ थिजतात. खायच्या वेळी भट्टीत किंवा झाकण ठेवलेल्या तव्यावर गाभा 60-70 अंशांपर्यंत गरम करा. अमायलोपेक्टिनचे नवे स्फटिक वितळतील, चिणलेलं पाणी सुटेल आणि रोल पुन्हा मऊ होईल, बुसँगोल्तच्या पावासारखा. अमायलोजचं जाळं एवढ्याने सुटत नाही, त्याला 100च्या कितीतरी वरचं तापमान लागतं. शिवाय गरम करताना थोडं पाणीही खरोखरच उडालेलं असतं. त्यामुळे हा दुसऱ्यांदा मऊ झालेला रोल पहिल्यापेक्षा लवकर आखडतो. आत भरायचं ते आधी चिरून तयार ठेवा आणि मगच रोल गरम करा.