दोर तुटला तर कैदी सुटतो?

वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहाचा विषय निघाला की नागपूरच्या पानठेल्यावर कुणीतरी ठासून सांगतंच, 'फाशीचा दोर तुटला की माणूस सुटला! कायदाच आहे तसा.' तसा कायदा नाही, आणि नव्हताही. मृत्युदंड देताना 'मरेपर्यंत गळफास' असं निकालात लिहावंच लागतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३५४(५) होतं. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. म्हणजे दोरानं दगा दिला तरी शिक्षा उभीच.

सुटकेच्या वाटा फाशीच्या तख्तावर नसतात, कागदावर असतात. सत्र न्यायालयाच्या फाशीवर उच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब लागतं; पुढे अपील, पुनर्विचार, राज्यपाल-राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. याच कारागृहात ३० जुलै २०१५ ला १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतला दोषी याकूब मेमनला फाशी झाली, तेव्हा त्याच पहाटेपर्यंत सर्वोच्च न्यायालय उघडं होतं.

आणि हो, 'आपल्याकडे फक्त फाशीच' हेही अर्धसत्य. लष्करी कायद्यात गोळ्या घालण्याची तरतूद आहे. विधी आयोगानं २००३ मध्ये प्राणघातक इंजेक्शनचा पर्यायही सुचवला होता. नागरी कायद्यात मात्र दोरच राहिला.