पुतळीच्या पाठीमागच्या टाचण्या

मामेबहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही जळगावच्या फुले मार्केटात गेलो होतो. दुकानाच्या दारात कुर्ती घातलेली पुतळी उभी होती. पारोळ्याच्या मावशीने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "या पुतळीले कोनी जेवाले देस नही का?"

शेठ हसले. "मावशी, अशाच अंगावर कपडा खुलतो. आणि गिऱ्हाइकाला आवडतं तेच आम्ही ठेवतो."

नवरीची धाकटी बहीण कॉलेजात आहे. ती उसळली, "काका, तुम्ही ठेवता म्हणून ते आवडतं! यापायीच पोरी उपाशी राहतात."

फॅशनच्या धंद्यातला हा वाद पॅरिसातही असाच चालतो. तो जरा उसवून पाहू.

शेठजींच्या बोलण्यात दोन दावे एकमेकांना चिकटले आहेत. पहिला कपड्याबद्दलचा, आणि तो बऱ्यापैकी खरा आहे. उंच, सडसडीत अंगावरून कापड सरळ खाली येतं. शिवाय मोठे डिझायनर नमुन्याचे कपडे आधी एकाच लहान मापात शिवतात. त्यात मावेल ती मॉडेल रॅम्पवर चालते. पण ही झाली शिवणाऱ्याची सोय. कपडा हँगरवरही छान लटकतो. म्हणून हँगरला कोणी देखणा म्हणत नाही.

मावशीच्या प्रश्नाच्या जवळपासचा प्रश्न फिनलंडच्या दोन संशोधकांनी १९९२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विचारला होता: दुकानातल्या पुतळ्यांना पाळी येऊ शकेल का? त्यांनी जुन्या-नव्या पुतळ्यांचे घेर मोजले. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या पुतळ्या बहुतेक साधारण बांध्याच्या होत्या, पुढे त्या रोडावत गेल्या. आजच्या पुतळीच्या मापाची खरी बाई असती, तर तिची पाळी बहुधा बंदच असती. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात. ते फार कमी झालं की मेंदू समजतो, कोठारात दाणा नाही. मग तो बीजकोशांकडे जाणारे संदेश आवरते घेतो.

आता दुसरा दावा, आवडीचा. विंकलर आणि ऱ्होड्स या संशोधकांनी २००५ मध्ये लोकांना मुद्दाम अरुंद केलेल्या स्त्रीदेहांची चित्रं दाखवली. थोडा वेळ ती पाहिल्यावर त्यांना आकर्षक वाटणारा बांधाच आधीपेक्षा बारीक झाला. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या पुढे गेला की ४० चा दिवस बरा वाटतो, तसंच हे. नजर जे समोर असतं त्यावरून 'नेहमीचं' काय ते ठरवते. मग 'आवडतं म्हणून ठेवतो' हा युक्तिवाद घाण्याच्या बैलासारखा जागच्या जागी फिरतो: ज्या आवडीची साक्ष काढायची, ती घडवण्यात दारातल्या पुतळीचाही हात आहे.

म्हणजे बहिणीचं सगळं बरोबर? तेही नाही. तिच्या बाजूने नेहमी फिजीचा दाखला दिला जातो. भरल्या अंगाचं कौतुक असलेल्या त्या बेटांवरच्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. अॅन बेकर यांच्या पाहणीत खाण्याबाबत धोकादायक कल असलेल्या शाळकरी मुलींचं प्रमाण १९९८ पर्यंत सुमारे १३ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर गेलं. आकडे दचकवणारे आहेत. पण दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या, आणि टीव्ही न पोचलेलं गाव तुलनेला घेतलेलं नव्हतं. त्यात स्वतःला उपाशी ठेवण्याच्या आजारांत आनुवंशिकतेचाही मोठा वाटा असतो, हे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसलं आहे. म्हणून 'यापायी' ठीक, 'यापायीच' नाही. मला विचाराल तर शेठजींची चूक मोठी आणि बहिणीची फक्त एका 'च'ची.

इकडे वाद रंगला होता तेव्हा मावशी पुतळीच्या मागे जाऊन उभी राहिली होती. कुर्ती पाठीवर गोळा करून टाचण्यांनी आवळलेली.

"शेठ," ती म्हणाली, "हाई तर हिलेबी ढिल्ली शे!"