ड्रिफ्टिंग : रिअर व्हील ड्राइव्ह मोटारीवरील प्राथमिक शिक्षण (खानदेशाच्या संदर्भात)

ड्रिफ्टिंग म्हणजे वळणावर मोटारीची मागची चाके मुद्दाम घसरवून, पुढची चाके वळणाच्या उलट दिशेला धरून आणि ती घसरण अ‍ॅक्सिलरेटरच्या आधाराने टिकवून गाडी तिरकी चालवण्याचे कौशल्य होय. नुसती घसरलेली गाडी चालकाच्या हातातून गेलेली असते. ड्रिफ्टमध्ये मात्र घसरण कोठे सुरू करायची, किती वेळ ठेवायची आणि कोठे संपवायची हे चालक ठरवतो. घसरण सुरू करणे या कौशल्यातला सोपा भाग आहे आणि ते कोणतीही बेफिकीर व्यक्ती करू शकते. म्हणून नवशिक्याला प्रथम घसरण थांबवायला शिकवतात आणि सुरक्षिततेचा सारा विचार गाडीच्या ताकदीपेक्षा जागेची निवड व वेगाची मर्यादा यांच्याशी बांधलेला असतो.

टायरच्या पकडीला मर्यादा असते आणि तीच पकड वळण्यासाठी व गाडी ढकलण्यासाठी अशी दोन्हीकडे खर्च होते. रिअर व्हील ड्राइव्ह गाडीत वळवण्याचे काम पुढच्या चाकांकडे आणि ढकलण्याचे मागच्या चाकांकडे असल्यामुळे वळणात असताना अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबला की मागच्या टायरची पकड ढकलण्यातच संपते व गाडीचा मागचा भाग बाहेरच्या बाजूला सुटतो. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत दोन्ही कामे पुढच्याच चाकांकडे असतात. तिचे मागचे टोक हँडब्रेकने क्षणभर फेकता येते, पण अ‍ॅक्सिलरेटरने ती घसरण टिकवता येत नाही, उलट गाडी आपोआप सरळ होऊ लागते.

हा प्रकार जपानमधील डोंगरी रस्त्यांवर आणि शर्यतींत वाढला. मोटारसायकल शर्यतींतून मोटार शर्यतींकडे आलेले कुनिमित्सु ताकाहाशी यांनी १९७० च्या दशकात वळणात गाडी तिरकी घालण्याची शैली रूढ केली आणि त्यांच्याकडे पाहून शिकलेले केइची त्सुचिया यांनी ती लोकप्रिय केली. हलक्या वजनाची, साध्या बांधणीची, रिअर व्हील ड्राइव्ह असलेली टोयोटाची एई-८६ ही गाडी १९८० च्या दशकात या खेळाची ओळख बनली. पुढे जपानमध्ये डी-१ ग्रां प्री आणि अमेरिकेत फॉर्म्युला ड्रिफ्ट या स्पर्धा उभ्या राहिल्या, ज्यांत गुण वेळेला नव्हे तर गाडीच्या तिरकेपणाचा कोन, वळणातली रेषा आणि शैली यांना मिळतात.

खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत, रिअर व्हील ड्राइव्ह गाड्यांची मुळीच कमतरता नाही. गावोगाव प्रवासी वाहणाऱ्या काळी-पिवळी जीपा, बोलेरो, सुमो, जुनी क्वालिस, इनोव्हा (नवी हायक्रॉस सोडून), ओम्नी, ईको आणि केळी-भाजीपाला वाहणारे पिकअप या सगळ्यांची ताकद मागच्या चाकांनाच जाते. तरीही यांपैकी बहुतेक गाड्या शिकण्यासाठी अयोग्य आहेत, कारण त्यांचा गुरुत्वमध्य उंच आणि चाकांमधले अंतर त्या मानाने कमी असते. दोन्ही बाजूंच्या चाकांमधल्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले असता येणारी संख्या सेडान गाड्यांत साधारण १.३ ते १.५ च्या घरात असते, तर उंच जीपवर्गीय गाड्यांत ती १.० ते १.२ इतकी खाली येते. ओल्या कोब्यावर दोन्ही गाड्या घसरतीलच. पण घसरता घसरता चाक एखाद्या कडेला, नालीच्या ओठाला किंवा मऊ मातीत अडले, तर उंच गाडी आधी उलटते. शिकण्यासाठी बुटकी आणि फार ताकद नसलेली सेडानच योग्य. एके काळी ती गरज कॉन्टेसा किंवा अँबेसिडर भागवू शकत होती, पण त्यांचे उत्पादन अनुक्रमे २००२ आणि २०१४ मध्ये थांबले; आता तशी गाडी म्हणजे बहुधा बीएमडब्ल्यू किंवा मर्सिडीजची जुनी सेडान. अशा गाडीत स्थैर्य राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते आणि ती चालू असेपर्यंत ड्रिफ्ट होऊ देत नाही. ती बंद करण्यापूर्वी चालकाने निदान काही फेऱ्या तिच्यासह मारून ती कोणत्या क्षणी हस्तक्षेप करते हे ओळखावे, कारण पुढे तोच क्षण त्याला स्वतः सांभाळायचा असतो.

जागेचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. वाहनांच्या चाचण्यांसाठी उभारलेले पिथमपूर येथील नॅट्रॅक्स केंद्र धुळ्याहून शिरपूर-सेंधवामार्गे इंदूरकडे जाणाऱ्यांच्या माहितीचे आहे आणि तेथे ११.३ किमी लांबीचा अतिवेगाचा ट्रॅकही आहे; मात्र ती चाचणी संस्था आहे, हौशी चालकांची शाळा नव्हे. कोइम्बतूर, चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई आणि ग्रेटर नोएडा येथील शर्यतींचे ट्रॅक खानदेशापासून फार दूर पडतात. अशा स्थितीत मालकाच्या लेखी परवानगीने वापरता येईल असे कुंपणाच्या आतले, सपाट आणि पक्क्या कोब्याचे आवार शोधावे लागते. खानदेशात असे आवार बहुधा जिनिंगचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याचे असते. कापसाचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो आणि त्या काळात सरकीच्या व रुईच्या ढिगांमुळे तेथे ठिणगीसुद्धा चालत नाही. मात्र पावसाळ्यात ही आवारे रिकामी असतात आणि नेमका तोच काळ ओल्या पृष्ठभागावर सराव करण्याचा असतो. आवार आधी पायी फिरून पाहणे बंधनकारक मानावे. वजनकाट्याची उंचवट्याची कड, आग विझवण्याच्या नळाचे खांब, पावसाच्या पाण्याची उघडी नाली आणि कोबा संपून काळी माती सुरू होते ती रेषा, ही चार ठिकाणे चुन्याने किंवा रस्त्यावर ठेवतात तशा शंकूंनी (कोन) आखून घ्यावीत. भिजलेली काळी माती चाकाला पकडून ठेवते, आणि आडव्या घसरणाऱ्या गाडीला याहून वाईट जमीन दुसरी नाही.

उन्हाळ्यात टँकरने पाणी मारून कोबा भिजवण्याची कल्पना कोणी ना कोणी मांडतोच. ज्या मुलखात त्याच महिन्यांत गावे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली असतात तेथे ती शोभत नाही, हा भाग वेगळा. पण तांत्रिकदृष्ट्याही ती धोक्याची आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असताना तापलेल्या कोब्यावरचे पाणी काही मिनिटांत उडते आणि तेही सगळीकडे सारखे नाही. ओल्या पट्ट्यावर तिरकी झालेली गाडी कोरड्या पट्ट्यावर आली की टायरची पकड एकाएकी परत येते आणि गाडी विरुद्ध बाजूला झटक्याने फिरते. शिवाय कमी वेग आणि जास्त फेरे यांमुळे रेडिएटरला वारा मिळत नाही व इंजिन तापते.

वेग किती असावा, याचे उत्तर साध्या गणितात आहे. दहा मीटर त्रिज्येच्या वर्तुळात, घर्षणांक (पृष्ठभागावरील पकडीचे माप) ०.४ धरल्यास, ओल्या गुळगुळीत कोब्यावर टायरची पकड ताशी सुमारे २२ किमी वेगाला सुटते. कोरड्या पृष्ठभागावर घर्षणांक ०.८ धरला तर त्यासाठी ताशी ३२ किमी वेग लागतो. म्हणजे कोरड्यावर तीच घसरण शिकताना गाडीतली गतिज ऊर्जा दुप्पट असते आणि चूक झाल्यावर तीच ऊर्जा कशात तरी जाऊन आदळते. ओल्या कोब्यावर ताशी २५ किमी वेगात चाके रोखली, तर गाडी सुमारे ६ मीटर घसरत जाते आणि चालकाला भान येईपर्यंतच्या एका सेकंदात त्याआधीच ७ मीटर गेलेली असते. या १३ मीटरांची दुप्पट, म्हणजे सरावासाठी मध्ये ठेवलेल्या कोनाभोवतीच्या वर्तुळाबाहेर चारही बाजूंना २५ ते ३० मीटर मोकळी जागा असणे ही किमान अट समजावी. बघे असतील तर ते त्याच्याही पलीकडे, आणि शक्यतो इमारतीच्या आड.

सरावापूर्वी गाडीतून स्टेपनी, जॅक, पाण्याचा जार आणि डॅशबोर्डवरची मूर्तीसुद्धा काढून ठेवावी. सुटी वस्तू गिरकीत डोक्यावर आदळते. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकेल इतकी सीट पुढे घ्यावी, सीटबेल्ट घट्ट लावावा, हेल्मेट घालावे, काचा वर ठेवाव्यात. शिकवणाऱ्याशिवाय गाडीत दुसरे कोणी नसावे. मागे जुने पण तारा न दिसणारे टायर आणि पुढे चांगली नक्षी असलेले टायर हे संयोजन शिकण्यास सोयीचे पडते.

पहिल्या धड्यात ड्रिफ्ट नसतेच. ताशी २० किमी वेगाने ओल्यावर वळण घेत असताना शिक्षकाने आवाज देताच क्लच आणि ब्रेक दोन्ही एकदम पूर्ण दाबायचे, इतकाच सराव करायचा. इंजिनची ताकद तुटते, गाडी ज्या दिशेने चालली आहे त्या दिशेने घसरत जाऊन थांबते आणि इंजिनही बंद पडत नाही. हे पायांच्या अंगवळणी पडल्यावर कोनाभोवती पहिल्या गिअरमध्ये सावकाश वर्तुळ काढावे व अ‍ॅक्सिलरेटर क्षणभर झटक्याने दाबून लगेच निम्मा सोडावा. मागचा भाग सुटल्याचे सीटमधून कमरेला जाणवते, डोळ्यांना ते नंतर कळते. याच वेळी नवशिका स्टेअरिंग आवळून धरतो आणि तेथेच चुकतो : पुढच्या चाकांच्या बसवणुकीतल्या कलामुळे स्टेअरिंग स्वतःहूनच उलट दिशेला फिरू लागते, आणि तळहात सैल ठेवून, अंगठे आऱ्यांच्या बाहेर काढून ते फिरू देणे हे चालकाचे काम असते. नजर बॉनेटवर किंवा खांबावर न ठेवता जेथे जायचे आहे तेथे ठेवावी, कारण हात नजरेमागे जातात.

यापुढचा धोका घसरणीपेक्षा मोठा असतो. घाबरून अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडला आणि पुढची चाके अजून उलटीच राहिली, तर मागच्या टायरची पकड परत येते व गाडी पहिल्यापेक्षा जोराने दुसऱ्या बाजूला फेकली जाते. या उलट्या झटक्यावर उपाय दोन : अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडणे, आणि गाडी सरळ होऊ लागताच स्टेअरिंगही तिच्याबरोबर सरळ आणणे. दोन्ही जमत नसेल तर पहिल्या धड्यातले दोन पेडल.

एका दिशेचे वर्तुळ स्थिर झाल्यावर दुसऱ्या दिशेचे आणि मग दोन कोनांभोवती आठचा आकडा, असा क्रम ठेवतात. लायसनसाठी आरटीओसमोर आठ काढलेल्या चालकाला आकृती ओळखीची वाटेल, पण येथे कस लागतो तो मधल्या फुलीवर, जेथे गाडीचे वजन एका बाजूवरून दुसरीवर जाते. हँडब्रेकने सुरुवात करणे त्यानंतर शिकावे आणि ते करताना क्लच दाबलेला असावा. क्लच झटक्याने सोडून चाके फिरवण्याची युक्ती नवशिक्याने टाळावी. तिचा मार शाफ्टच्या क्रॉसवर (सांध्यावर), मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलच्या दात्यांवर आणि शेवटी खिशावर बसतो.

कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक जागा म्हणजे केवळ रस्ता नव्हे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या व्याख्येनुसार जेथे लोकांना जाण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा त्यात येते; म्हणून बाजाराचे मैदान किंवा धुळ्याबाहेरचा नवा बायपास रात्री ओस पडला तरी सरावाची जागा ठरत नाही. कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्याच्या पहिल्या गुन्ह्यास सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिल्यास कलम १९९ अ नुसार पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड आहे. मोटार विम्याच्या पॉलिसीत संघटित शर्यती व वेगाच्या चाचण्या सहसा वगळलेल्या असतात, त्यामुळे अशा वापरातले नुकसान पदरचेच समजावे. स्पर्धेत उतरायचे असल्यास फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या राष्ट्रीय संघटनेचा परवाना लागतो.

या शिक्षणाचा खानदेशातल्या रोजच्या वाहतुकीशी संबंध येतो तो रिकाम्या पिकअपमुळे. रावेर-यावलची केळी उतरवून रिकाम्या परतणाऱ्या पिकअपचे पाटे (स्प्रिंग) भारासाठी कडक बनवलेले असतात आणि मागच्या चाकांवर वजन जवळपास नसते. मृगाच्या पहिल्या सरीने रस्त्यावरची धूळ आणि तेल यांचा निसरडा थर झाला की कन्नड घाटात किंवा लळिंगच्या उतारावर, वळणात गिअर उतरवून क्लच एकदम सोडला तरी तिचा मागचा भाग सुटतो. अशा वेळी क्लच पुन्हा दाबणे आणि स्टेअरिंग घसरणीच्या दिशेला थोडेच वळवून लगेच सरळ आणणे एवढेच करावे लागते, आणि ते करायला एक सेकंदही मिळत नाही.